साडेपाच तासांनी हुकणारा लघुग्रह

"सर, साइटच चुकीची आहे. वेस्टा लघुग्रह तिथे नव्हताच." लघुग्रहाची आकाशातली जागा काढून देणाऱ्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरबद्दल जुळे सोलापुरात गच्चीवर दुर्बीण लावणाऱ्या हौशी मंडळींकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की उत्तर आता पाठ झालंय: साइट बरोबर आहे, तुम्ही वेळ चुकीची दिलीत. त्यावर लगेच दुसरा गैरसमज पुढे येतो, 'नासाची साइट म्हणजे अमेरिकेची वेळ दाखवत असणार.' अजिबात नाही. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीची 'होरायझन्स' सेवा घ्या किंवा मायनर प्लॅनेट सेंटरचे तक्ते, मुळातली वेळ जागतिक असते, म्हणजे यूटी. होरायझन्सच्या तक्त्यात तारखेच्या रकान्यावर तसं छापलेलंही असतं. वाचायचे कष्ट तेवढे आपण घ्यायचे.

आपली प्रमाणवेळ यूटीच्या साडेपाच तास पुढे. सोलापुरात रात्रीचे 9 वाजतात तेव्हा यूटी असते 15:30. तुम्ही रकान्यात बिनधास्त 21:00 टाकलंत, की उत्तर येतं पहाटे अडीचच्या आकाशाचं. आकाश तासाला 15 अंश सरकतं, म्हणजे साडेपाच तासांत साडेब्याऐंशी अंश. लघुग्रह हैदराबाद रस्त्याच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला, नुकता उगवत असतो आणि तुमची दुर्बीण जवळजवळ डोक्यावर रोखलेली. मग कसा सापडेल?

गंमत म्हणजे हीच चूक ताऱ्यांच्या नकाशावर लपून राहते. वेस्टासारखा मुख्य पट्ट्यातला लघुग्रह ताऱ्यांच्या संदर्भात दिवसाला साधारण पाव अंश सरकतो. साडेपाच तासांत जेमतेम तीन-चार कला, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा आठवा-नववा भाग. कमी वर्धनाच्या आयपीसमध्ये तो दिसूनच जातो. त्यामुळे विषुवांश-क्रांती (ताऱ्यांच्या नकाशावरची जागा) घेऊन बसलेला म्हणतो साइट बरोबर, उन्नतांश-दिगंश (क्षितिजापासूनची उंची आणि दिशा) लावून बसलेला म्हणतो चूक. दोघं तासभर वाद घालतात आणि वेळ दोघांचीही चुकलेलीच असते!

दुसरा प्रकार अतिहुशारांचा. काही पानं तुमच्या फोनचं घड्याळ बघून वेळ आपणहून बदलून घेतात. हे ठाऊक नसलेला माणूस स्वतः पुन्हा साडेपाच तास वजा करतो आणि त्याला दुपारी साडेतीनचं आकाश मिळतं. रात्री नऊला उगवणारा लघुग्रह मग त्याला थेट क्षितिजाखाली दिसतो.

कॅल्क्युलेटर कधीच चुकत नाहीत, असंही नाही. हौशी लोकांनी घरी बसून लिहिलेले चुकतात, आणि बहुतेक वेळा अधिक-वजाच्या चिन्हावर. जावास्क्रिप्टला भारताचा वेळेचा फरक विचारला, तर ती उणे 330 मिनिटं सांगते, अधिक नव्हे. तिथे उलटं चिन्ह लागलं की चूक साडेपाचची राहत नाही, अकरा तासांची होते. रेखांशाचंही तेच. जाँ मेउस यांच्या 'अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल अल्गोरिदम्स' या पुस्तकावरून कित्येकांनी प्रोग्राम लिहिले. त्या पुस्तकात पश्चिम रेखांश अधिक धरले आहेत. आपले पूर्व रेखांश तसेच टाकले, तर सोलापूर अटलांटिकच्या पलीकडे जाऊन बसतं.

आता किरकोळ गैरसमज. 'सोलापूरची वेळ टाकायची': दाते पंचांगाच्या गावात हा प्रश्न येणारच. आपण 75.9 पूर्व रेखांशावर, प्रमाणवेळ 82.5 ची, म्हणून स्थानिक वेळ सुमारे 26 मिनिटं मागे. पण ते गणित कॅल्क्युलेटर रेखांशावरून करतो, तुम्ही करू नका. 'अर्ध्या तासाने काय होतंय': साडेसात अंश होतात. 'आयएसटी लिहिलं की झालं': ती अक्षरं इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात, यादीतून 'एशिया/कोलकाता' निवडा. 'ठिकाण नाही दिलं तरी चालतं': विषुवांश-क्रांतीपुरतं वेस्टाला चालतं, पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहाला नाही.

शंका असेल तर परीक्षा सोपी आहे. त्याच कॅल्क्युलेटरला लघुग्रहाऐवजी सूर्य विचारा, सोलापूर निवडून, आजच्या सूर्यास्ताच्या वेळेला. उंची शून्याच्या आसपास आली पाहिजे. सूर्य पन्नास ते ऐंशी अंश खाली दाखवला, तर साइटला शिव्या देण्याआधी वेळेचा रकाना बघा.

हे सगळं आत्ताच निस्तरायला एक कारण आहे. अपोफिस हा लघुग्रह 2029 मध्ये पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे 32,000 किलोमीटरवरून जाणार आहे, आपल्या भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून. तेव्हा तो मिनिटभरात चंद्राच्या रुंदीइतका सरकेल आणि पृथ्वीच्या केंद्रावरून काढलेली जागा प्रत्यक्षाहून कित्येक अंशांनी वेगळी येऊ शकेल. म्हणजे वेस्टाला खपून गेलेली प्रत्येक चूक इथे नडणार. जगभर तारीख 13 एप्रिल अशी छापली जाते, ती यूटीची: 21:46. आपल्याकडे तेव्हा 14 एप्रिलची, म्हणजे आंबेडकर जयंतीची, पहाट असेल, 3 वाजून 16 मिनिटं. त्या क्षणी अपोफिस अटलांटिकवर, म्हणजे आपल्या क्षितिजाखाली असेल. तेव्हा 3:16 चा गजर लावू नका. 13 तारखेच्या रात्रीचे तक्ते सोलापूरचे अक्षांश-रेखांश आणि अधिक साडेपाच तास टाकून काढा.