कंडेन्सरवरचे आकडे वाचायला शिकू या



गेल्या उन्हाळ्यात, ऐन मसाल्याच्या दिवसांत, आमच्या गटाचं मिरची कांडप यंत्र बंद पडलं. बटण दाबलं की मोटार नुसती घुमायची, फिरायची नाही. दुरुस्तीवाल्याने वरवर पाहिलं आणि सांगितलं, "मोटार जळाली. वाइंडिंग करावं लागेल, साडेतीन हजार." आम्ही गटाच्या खात्यातून पैसे काढायच्या बेतात होतो. तेवढ्यात गटातल्या एका ताईंचा भाऊ आला. तो तळेगाव स्टेशनजवळ वायरमनचं काम करतो. तो म्हणाला, "ताई, मोटारीच्या पाटीवर काय लिहिलंय वाचा. आता ह्या कंडेन्सरवर काय लिहिलंय ते वाचा." पाटीवर ३६, कंडेन्सरवर २५! आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी हाताला लागला तो बसवला होता. दोनशे रुपयांत योग्य कंडेन्सर आला आणि मोटार फिरली.

कंडेन्सर करतो काय?

कंडेन्सर म्हणजेच कॅपॅसिटर. सिंगल फेजची मोटार आपली आपण फिरायला लागत नाही. झोपाळ्याला झोका द्यावा तसा तिला धक्का लागतो, तो कंडेन्सर देतो. तो कमजोर झाला की पंखा हळू फिरतो, मोटार घुमते आणि तापते. तशीच चालू ठेवली तर मग खरंच जळते.

अंगावर काय लिहिलेलं असतं?

*मायक्रोफॅरड* – ही त्याची ताकद. आकड्यापुढे 'एमएफडी' किंवा शेपटीच्या 'यू'सारखी खूण आणि 'एफ' असतो. छताच्या पंख्याला बहुधा २.५ असतो. हा आकडा जुन्याइतकाच हवा, कमी नको आणि जास्तही नको.

*अधिक-उणे ५ टक्के* – म्हणजे २.५ चा कंडेन्सर २.३७५ ते २.६२५ च्या दरम्यान असला तरी ठीक.

*व्होल्ट* – घरात वीज २३० ची, मग ४४० कशाला? मोटार चालताना कंडेन्सरवरचा दाब घरच्या विजेपेक्षा वाढतो म्हणून. हा आकडा जुन्याइतका किंवा जास्त चालेल, कमी कधीच नको.

*२५/८५/२१* – उणे २५ ते ८५ अंश तापमानात चालेल आणि दमट हवेची २१ दिवसांची चाचणी झाली आहे, असा अर्थ. आपल्या मावळातल्या पावसाळ्यात हे बघायलाच हवं.

*वर्ग* – 'बी' म्हणजे १०,००० तास, 'सी' म्हणजे ३,००० तास चालेल असा अंदाज. रोज चालणाऱ्या यंत्राला 'बी' घ्या.

बारक्या कंडेन्सरचे आकडे

चार्जर, एलईडी बल्ब यांतल्या बारक्या कंडेन्सरवर जागा नसते, म्हणून तीनच आकडे लिहितात. पहिले दोन जसेच्या तसे घ्यायचे, तिसऱ्याइतकी शून्यं पुढे द्यायची. १०४ म्हणजे १० पुढे चार शून्यं, १,००,००० पिकोफॅरड. दहा लाख पिकोफॅरडचा एक मायक्रोफॅरड, म्हणून हा झाला ०.१. तसंच ४७३ म्हणजे ४७,०००. पुढचं अक्षर किती फरक चालेल ते सांगतं : 'जे' ५ टक्के, 'के' १०, 'एम' २०. छोट्या डब्यासारख्या कंडेन्सरवर एका बाजूला पट्टा असतो. ती बाजू उणे. उलटा जोडला तर तो फुटतो.

जपून!

वीज बंद केली तरी कंडेन्सरमध्ये ती साठून राहते आणि जोराचा झटका बसतो. म्हणून आकडे बाहेरूनच वाचायचे. तारांना हात लावायचा नाही, पेचकसाने ठिणगी पाडायची नाही. काढायचं-बसवायचं काम वायरमनचंच. फुगलेला किंवा तेल गळणारा कंडेन्सर दिसला की यंत्र लगेच बंद करा.

आजच एवढं करा

गटाच्या प्रत्येक यंत्राच्या पाटीचा मोबाईलवर फोटो काढा. कंडेन्सरचे आकडे गटाच्या वहीत लिहून ठेवा. नवीन घेताना आयएसआय खूण बघा, बिलावर आकडे लिहून घ्या आणि जुना कंडेन्सर परत मागा.

आमच्या वहीत आता पहिल्याच पानावर ठळक लिहिलंय : ३६. पुढच्या बैठकीत तुमच्या यंत्राचा आकडा सांगाल ना?