वास नाही, म्हणजे पाणी शुद्ध आहे का?

२०१३ मध्ये उत्तर चेन्नईच्या तोंडियारपेट भागात काही घरांच्या बोअरवेलमधून इंधनाचा वास येणारं पाणी येऊ लागलं. जमिनीखालच्या तेलवाहिनीला गळती लागली होती. अशा वेळी कुणालाही पहिला प्रश्न पडतो, ‘हे कुठवर पसरलं असेल?’

याचं उत्तर शोधण्यासाठी निरीक्षण विहिरी खोदतात. त्या अरुंद असतात आणि त्यांत जाळीदार पाइप बसवलेला असतो. भूजल कोणत्या दिशेला वाहतं हे कळण्यासाठी अशा किमान ३ विहिरी लागतात. एक विहीर गळतीच्या वरच्या बाजूला ठेवतात, म्हणजे स्वच्छ पाण्याशी तुलना करता येते.

नमुना कसा घेतात?

पेट्रोल आणि डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे ते वर तरंगतं. म्हणून आधी पाण्याची पातळी आणि तवंगाची जाडी मोजतात. पाइपमध्ये साचलेलं पाणी शिळं असतं. ते हळूहळू उपसतात आणि तापमान, सामू स्थिर झाल्यावरच नमुना घेतात.

सुरुवात नेहमी सर्वांत स्वच्छ विहिरीपासून होते आणि प्रत्येक विहिरीला नवे हातमोजे घालतात. तसं केलं नाही, तर एकीचं प्रदूषण दुसरीच्या नावावर जमा व्हायचं! नमुन्याची काचेची बाटली काठोकाठ भरतात आणि उलटी करून पाहतात. आत बुडबुडा दिसला, तर तो नमुना बाद होतो, कारण बेंझिन उडून त्या हवेत जातं. मग बाटल्या बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात.

एवढा खटाटोप का?

बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. आपल्या नाकाला वास जाणवेपर्यंत मात्र त्याचं प्रमाण या मर्यादेच्या कितीतरी पट झालेलं असतं. म्हणून ‘वास येत नाही, मग प्यायला काय हरकत आहे?’ असं म्हणू नका.

तुम्ही काय कराल?

तुमच्या बोअरवेलजवळ पेट्रोल पंप, तेलवाहिनी किंवा गॅरेज असेल तर पाणी तपासून घ्या. टीडीएस, क्षार आणि जिवाणूंच्या नेहमीच्या तपासणीत इंधन सापडत नाही. प्रयोगशाळेला बेंझिन आणि पेट्रोलियम हायड्रोकार्बनची चाचणी हवी, असं स्पष्ट सांगा. बाटलीही त्यांच्याकडूनच घ्या, घरातली प्लास्टिकची बाटली चालत नाही.

पाण्याला इंधनाचा वास आला तर ते पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका आणि उकळूही नका. उकळल्यावर विषारी वाफ घरभर पसरते. बोअरवेलचा पंप बंद ठेवा, शेजाऱ्यांना सावध करा आणि नगरपालिका व राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. तक्रारीत वास पहिल्यांदा कधी आला, ती तारीख लिहायला विसरू नका. गळतीचा माग काढताना ती उपयोगी पडते.