समुद्राची ओढ

सुटींत कोंकणच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मंडळींत बहुधा एक तरी गृहस्थ असा असतो, कीं जो लहानपणीं विहिरींत अथवा नदींत पोहावयास शिकलेला असतो आणि तेवढ्या शिदोरीवर बेधडक समुद्रांत शिरतो. विहिरीचें पाणी जागचें हालत नाहीं. नदीचें एकाच दिशेनें वाहतें. समुद्राचें पाणी मात्र येतें आणि परत जातें, व तें कोणत्या वाटेनें परत जातें हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ अनर्थ ओढवतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं रायगड जिल्ह्यांतील मुरुडच्या पुळणीवर सहलीस आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. तो कांहीं पावसाळ्याचा काळ नव्हता.

लाट म्हणजे पुढें पुढें धावत येणारें पाणी, असा सर्वसाधारण समज आहे. पण तो खरा नाहीं. जोंधळ्याच्या उभ्या शेतावरून वारा गेला म्हणजे एक लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत पळत गेलेली दिसते; परंतु एकहि ताट आपली जागा सोडीत नाहीं. खोल समुद्रांत तसेंच होतें. तेथें तरंगणारा नारळ लाटेबरोबर वर चढतो, किंचित् पुढें सरकतो, खालीं उतरतो आणि जवळजवळ पूर्वस्थळीं येतो. प्रवास करिते ती वाऱ्यानें पाण्याला दिलेली शक्ति, आणि ती हजारों मैल जाऊं शकते. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे उठलेल्या वादळाच्या लाटा कांहीं दिवसांनीं आपल्या पश्चिम किनाऱ्यास लागतात. त्या वेळीं येथें आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल. म्हणून नुसत्या आभाळाकडे पाहून समुद्राची परीक्षा करणें व्यर्थ होय.

किनाऱ्याजवळ तळ वर येऊं लागला, कीं लाटेचा पाय अडखळतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट उरली, म्हणजे लाट फुटते. आतां मात्र पाणी खरोखरच पुढें लोटलें जातें आणि पुळणीकडे सांचूं लागतें. तें परत जावयास हवें. परंतु समोर वाळूचे दांडे आणि मागून येणाऱ्या नव्या लाटा. तेव्हां दोन दांड्यांमध्यें जेथें खोलगट चीर असेल, तेथून सारें पाणी एका अरुंद वाटेनें समुद्राकडे धांव घेतें. हाच तो घातकी परतप्रवाह. ओहोटीस पाणी उथळ होऊन त्याच चिरांत कोंडतें, म्हणून त्या वेळीं ही ओढ पुष्कळदां अधिक जाणवते. तथापि हा प्रवाह म्हणजे ओहोटी नव्हे, आणि तो माणसाला तळाशींहि ओढीत नाहीं. कॅलिफोर्नियांतील फ्रान्सिस शेपर्ड या भूशास्त्रज्ञानें १९३६ सालीं हे दोन्ही गैरसमज खोडून काढिले व या प्रवाहास त्याचें आजचें इंग्रजी नांव दिलें. तो माणसास खालीं नव्हे, दूर नेतो. बुडविते ती दमछाक आणि भीति.

त्याचा वेग बहुधा सेकंदास अर्ध्या मीटरच्या आसपास असतो; पण क्वचित् प्रसंगीं तो २ मीटरांहून अधिक भरलेला आहे. शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतींतील विक्रमवीरहि जेमतेम याच वेगानें पोहतो, आणि तोहि पाऊण मिनिटच! मग सहलीस आलेल्या कारकुनानें त्याच्याशीं झुंजावें कसें?

दुर्दैव असें, कीं ही जागा दिसावयास सर्वांत सोज्ज्वळ असते. दोहों बाजूंस पांढरा फेस उसळत असतो आणि मधल्या पट्ट्यांत लाटा फुटत नाहींत. पाणी काळसर, शांत, कधीं गढूळ दिसतें. मुलांना घेऊन उतरावयास हीच जागा बरी, असें आईबापांस वाटतें! ऑस्ट्रेलियांत सिडनी शहरीं बाँडाय नांवाची प्रसिद्ध पुळण आहे. तिच्या दक्षिण टोकास असा एक प्रवाह नेहमींच असतो. मोटारबसमधून उतरलेले परदेशी प्रवासी जवळचें म्हणून आणि शांत म्हणून तेथेंच पाण्यांत शिरतात.

याच बाँडायवर ६ फेब्रुवारी १९३८ रोजीं, रविवारीं, हजारों लोक जमले होते. पुष्कळजण वाळूच्या दांड्यावर कंबरभर पाण्यांत उभे होते. इतक्यांत पाठोपाठ मोठाल्या लाटा आल्या, आणि परतणाऱ्या पाण्यानें शेंकडों माणसें दांड्यावरून खोल पाण्यांत खेंचून नेलीं. सुदैवानें किनारारक्षक मोठ्या संख्येनें हजर होते. त्यांनीं दोरखंड घेऊन उड्या टाकिल्या व सुमारें २५० लोकांना बाहेर काढिलें. तरीहि पांच दगावले. लाटा अशाच टोळीटोळीनें येतात. म्हणून पाण्यांत उतरण्यापूर्वीं निदान दहा मिनिटें कांठावर बसून समुद्र पाहावा.

प्रवाहांत सांपडलेल्यानें किनाऱ्याकडे तोंड करून झगडूं नये. पाठीवर तरंगत राहावें, हात वर करून मदत मागावी, आणि शक्ति असल्यास किनाऱ्याला समांतर, लाटा फुटतात त्या बाजूस पोहत जावें. फुटणारी लाट स्वतःच माणसाला थडीकडे लोटते. माँटेरे येथील पुळणीवर प्रवाहांत सोडलेलीं तरंगतीं यंत्रें बहुतांशीं चक्राकार फिरून पुन्हां उथळ पाण्यांत आलीं, असें दिसून आलें. पण सर्व पुळणी सारख्या नसतात, आणि वाट पाहणें नेहमींच पुरेसें ठरत नाहीं. हें सांगणें सोपें आहे. नाकातोंडांत खारें पाणी जात असतां आठवणें कठीण. म्हणून तें मुलांकडून घरींच वदवून घ्यावें.

काठावरच्या मंडळींनीं रिकाम्या हातानें उडी घेऊं नये. वांचवावयास गेलेलाच बुडाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. पूर्वीं पोहावयास शिकणाऱ्याच्या पाठीस सुका भोपळा बांधीत. आज झांकण घट्ट लावलेला प्लॅस्टिकचा रिकामा डबा तेंच काम करितो. तो फेंकावा, दोरी असल्यास ती फेंकावी, आणि कोळीवाड्यांतील माणसांना हांक मारावी. पाण्यांत उतरण्याची जागाहि त्यांनाच विचारलेली बरी. कारण पावसाळ्यांत दांडे मोडतात व नव्या ठिकाणीं बनतात, आणि गेल्या वर्षीं जेथें मुलें खेळलीं, तेथें यंदा चीर पडलेली असूं शकते.