मावशींच्या हातांवर उभे असलेले घर

‘वृद्धाश्रम’ हा शब्द आपल्या वस्तीत कुणी उच्चारला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पोरांनी टाकले काय? आम्हीही इतकी वर्षे हेच विचारत आलो. पण दहा बाय बाराची खोली, मुलगा कंपनीत पाळीवर, सून चार घरची कामे करणारी, नातवंडे शाळेत आणि घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस, हे चित्र जवळून पाहिले तेव्हा तो प्रश्न आम्हाला अपुरा वाटू लागला. सकाळी कडी लावून गेलेली सून संध्याकाळी परतते, तोवर सासरा ओल्या गोधडीत तसाच पडलेला. त्याला कुणी टाकलेले नसते, पण दिवसभर पाहायलाही कुणी नसते.

आमच्या शेजारच्या कुटुंबाने असेच नाइलाजाने आजोबांना शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ठेवले. आजोबा गिरणी कामगार. १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. आता अर्धांगवायूने उजवी बाजू लुळी पडली आहे. त्यांना भेटायला म्हणून आम्ही गेलो आणि चालकांच्या परवानगीने एक दिवस आणि एक रात्र तिथेच राहिलो.

पहाटे पाचला दिवे लागतात. ज्यांना उठता येते ते काठी टेकत तोंड धुवायला जातात. ज्यांना येत नाही त्यांच्याकडे मावशी येतात. ओले कपडे बदलणे, कोमट पाण्याने अंग पुसणे, कवळी धुऊन तोंडात बसवणे, चादर बदलणे. पाणी आधी आपल्या कोपरावर घेऊन पाहायचे आणि मगच म्हाताऱ्याच्या अंगाला लावायचे, कारण म्हातारी कातडी लवकर भाजते. साडेसहाला चहा, आठला उपमा किंवा पोहे, मग गोळ्या. बाराला जेवण, चारला चहा, सातला पुन्हा जेवण. कागदावर एवढाच दिवस दिसतो. खरे काम या वेळांच्या मधल्या फटीत असते.

तिथे चोवीस माणसे. त्यांतली नऊ स्वतःहून कूससुद्धा बदलू न शकणारी. एकाच बाजूवर फार वेळ पडून राहिले की माकडहाड, खुबा, टाच अशा हाडाच्या जागी रक्त पोहोचत नाही आणि कातडी सडू लागते. यालाच शय्याव्रण म्हणतात. सुरुवातीला नुसता लाल डाग दिसतो. बोटाने दाबून सोडले तरी लाली जात नसेल तर समजावे की धोका सुरू झाला. त्या डागावर चोळायचे नसते. त्या जागेवरचा भार काढायचा असतो. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नऊ माणसे, दोन तासांनी एकदा, म्हणजे बारा तासांत चौपन्न वेळा. रात्री हे करायला दोनच मावशी! आम्ही एका रात्रीत नुसते पाहून थकलो.

भरवण्याचेही तसेच. अर्धांगवायू झालेल्याला आडवे ठेवून भरवले तर घास श्वासनळीत जाण्याचे भय. त्याला ताठ बसवायचे, छोटा चमचा, एक घास गिळल्यावरच दुसरा आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करायचे नाही. आपल्या आजोबांना दोन वाट्या मऊ भात संपवायला पाऊण तास लागला. मावशीने एकदाही ‘आटपा’ म्हटले नाही.

एका आजींची आठवण गेली आहे. संध्याकाळ झाली की त्या दाराशी येऊन विचारतात, “हे अजून आले नाहीत, पाळी सुटली नाही का?” यजमान जाऊन किती वर्षे झाली हे त्यांना उमगत नाही. नवीन आलेल्या मुलीने एकदा खरे सांगितले, तर आजींनी नव्याने टाहो फोडला. जुन्या मावशी म्हणतात, “वाट बघताय होय? या, तोवर चहा घेऊ. काय काम करायचे ते?” आजी गिरणीच्या गोष्टी सांगत चहा घेतात आणि शांत होतात.

या मावशी कोण? बहुतेक आपल्याच वस्त्यांमधल्या आयाबहिणी. बारा तासांची पाळी, पगार तुटपुंजा. एकजण आम्हाला म्हणाली, “एक म्हातारी आली तेव्हा माझे आडनाव विचारले आणि माझ्या हातचे पाणी नको म्हणाली. पुढे पडली, खुबा मोडला. तिचे सगळे मीच केले. तिने माफी मागितली नाही, मी मागवलीही नाही. पण पाणी आता तिला माझ्याच हातचे लागते.”

विनयपिटकात भगवान बुद्धांची गोष्ट आहे. अतिसाराने आजारी एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता आणि कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले; एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायाकडून उचलून मंचकावर ठेवले. जे काम बुद्धांनी स्वतःच्या हाताने केले ते हलके कसे? मग ते करणाऱ्या बाईला पुरेसा पगार, आठवड्याची सुट्टी आणि मान का मिळू नये?

कुणावर अशी वेळ आलीच तर घर निवडताना रंगरंगोटी आणि बाग पाहू नका. न कळवता जेवणाच्या वेळी जा. लघवीचा वास येतो का, अंथरुणाशेजारी हाताला येईल असे पाणी आहे का, कूस बदलल्याची नोंदवही आहे का, कुणाला खाटेला बांधले आहे का आणि रात्री किती माणसे कामावर असतात, हे विचारा. पैशांची पावती घ्या.

आणि हेही ठाऊक असावे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. त्यासाठी प्रांत दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे न्यायाधिकरण असते. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली खोली, अट मोडल्यास परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. निराधार वृद्धांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात किमान दीडशे जणांची सोय होईल असे वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावेत, असेही हा कायदा सांगतो. आपल्या जिल्ह्यात ते आहे का, हे आपल्या संघटनांनी विचारलेच पाहिजे. अडचणीत १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी आहे.

निघताना रविवार होता. आजोबांचा मुलगा रात्रपाळी करून थेट आला होता. पिशवीत दाढीचे सामान आणि सुनेने दिलेली चपाती-भाजी. त्याने बापाच्या गालाला साबण लावला आणि हळूहळू दाढी केली. दर रविवारी करतो. आजोबांना बोलता येत नाही. आम्ही ‘जयभीम’ म्हणालो तेव्हा त्यांनी डावा हात उचलला.

त्या आजोबांना कुणी टाकलेले नव्हते. आश्रमात ठेवणे आणि टाकणे यांतला फरक त्या रविवारच्या दाढीएवढा आहे.