कोचला पत्र मुलीनेच लिहावे

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतले एक रिक्षाचालक बांधव रात्री घरी आले. त्यांची मुलगी अकरावीत आहे. ८०० मीटर धावते, अभ्यासातही हुशार. एका दलालाने त्यांना सांगितले होते, "२ लाख भरा, अमेरिकेच्या मोठ्या विद्यापीठात खेळाची शिष्यवृत्ती मिळवून देतो." पतपेढीचा कर्जाचा अर्ज खिशातच होता. "भाऊ, तुम्ही ऑफिसात कागद हाताळता, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. मी त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया अशा ८ विद्यापीठांच्या गटाला 'आयव्ही लीग' म्हणतात. बाबासाहेब १९१३ साली जिथे शिकायला गेले, ते कोलंबिया यातलेच. ही विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. मदत मिळते ती घरची मिळकत पाहून. म्हणजे दलालाचे बोलणे तिथेच खोटे ठरले. खेळाची शिष्यवृत्ती देणारी इतर विद्यापीठे आहेत, पण तिथेही कोचला पत्र लिहायला पैसे पडत नाहीत.

मग कोच काय करतो? आपल्या संघाला हव्या असलेल्या खेळाडूंची नावे तो प्रवेश कार्यालयाकडे देतो. त्याच्या शब्दाला वजन असते, पण अखेरचा निर्णय कार्यालयाचा. म्हणून पायांबरोबर गुणही हवेत.

कोचचा ईमेल पत्ता विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर असतो. त्या संघातल्या धावपटूंच्या वेळाही तिथेच पाहाव्यात, म्हणजे आपण कुठे बसतो ते कळते. पत्र लहान असावे. कोचचे नाव घालून सुरुवात करावी. शाळा, इयत्ता, गुण, सर्वोत्तम वेळ, ती कोणत्या स्पर्धेत व कधी दिली, धावतानाची छोटी चित्रफीत, आणि हेच विद्यापीठ का हवे, एवढे पुरे. खर्चाची अडचणही स्पष्ट विचारावी, त्यात लाज कसली? पत्र मुलीने स्वतः लिहावे. कोचला बापाशी नव्हे, खेळाडूशी बोलायचे असते.

अमेरिकेच्या वरच्या गटातील स्पर्धांत, बऱ्याच खेळांमध्ये, दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी कोचला स्वतःहून उत्तर देण्याची मुभा नसते. म्हणून लवकर लिहिलेल्या पत्राला उत्तर आले नाही तर खचू नये. वेळ सुधारली की पुन्हा कळवावे.

पैसे देऊन कोच वळवण्याचे प्रकार तिथेही झाले. २०१९ साली ते उघडकीस आले, तेव्हा श्रीमंत आईबाप आणि कोचही तुरुंगात गेले. आपल्या मुलीची वेळ घड्याळावर खरी आहे. तिला तो चोरमार्ग कशाला?

त्या रात्री मुलीने आमच्याच टेबलावर पहिले पत्र लिहिले. इंग्रजी तिचेच, मी फक्त दोन चुका दाखवल्या. उत्तर अजून आलेले नाही. पण कर्जाचा अर्ज तिच्या वडिलांनी तिथेच फाडला. आता ते रोज पहाटे मैदानावर हातात घड्याळ घेऊन उभे असतात.