अपघाताचा केसपेपर आणि नुकसानभरपाई

मोटारीने किंवा ट्रकने उडवलेला माणूस इस्पितळात आणला की नातेवाईक दोनच गोष्टींच्या मागे धावतात, रक्त आणि पैसा. टेबलापलीकडे डॉक्टर केसपेपरवर काय लिहीत आहेत, याकडे कुणाचे लक्ष नसते. मी बरीच वर्षे कॅज्युअल्टीत परिचारिका होते. आता अशाच कुटुंबांबरोबर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर खात्रीने सांगते की, जखमीला भरपाई मिळणार का आणि किती, याचा मोठा भाग इस्पितळाच्या कागदांवर ठरतो. वकील नंतर येतो आणि त्याला त्याच कागदांवर भांडावे लागते.

आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण साधे आहे. मांडीच्या हाडात सळई टाकली की पुढे कित्येक महिने व्यायाम लागतो, कधी सळई काढायचे दुसरे ऑपरेशन लागते. आपल्या वस्तीत फिजिओथेरपी पंधरा दिवसांत सुटते, कारण रिक्षाचे भाडे परवडत नाही आणि कमावता माणूसच खाटेवर असतो. मग गुडघा आखडतो तो कायमचा. भरपाई हा त्या अर्धवट राहिलेल्या उपचाराचा पैसा आहे.

आता पहिला कागद. दाखल करताना डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" घाबरलेला भाऊ सांगतो, "गाडीवरून घसरून पडला." कधी लायसन्स नसते म्हणून, कधी पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून, कधी ज्याची मोटार होती तोच इस्पितळात घेऊन आलेला असतो म्हणून. डॉक्टर तेच लिहितात. पुढे विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद काढतो आणि म्हणतो, हा तर स्वतः पडला, आमच्या गाडीचा संबंध काय? म्हणून जे घडले तेच सांगा. कोणत्या वाहनाने, कुठे, किती वाजता धडक दिली, नंबर माहीत असेल तर तोही. नोंद ‘एमएलसी’ म्हणून, म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण म्हणून झाली का, हे विचारा. काही खासगी दवाखाने ती टाळतात. तुम्ही टाळू देऊ नका.

जखमा सगळ्या लिहिल्या गेल्या पाहिजेत. पाय मोडला की सगळे पायाकडेच पाहतात. पण डोक्याला मार लागून उलटी झाली, काही वेळ शुद्ध हरपली, दात पडला, कानातून रक्त आले, हे सांगितले नाही तर कागदावर येत नाही. डोक्याच्या माराचे काही परिणाम तर घरी गेल्यावर दिसतात. माणूस विसरभोळा होतो, चिडतो, हिशोब चुकवतो. घरचे म्हणतात स्वभाव बदलला. हे प्रत्येक ओपीडीत सांगून लिहून घ्यावे. कायद्याच्या दृष्टीने हाड मोडणे, सांधा निखळणे, दात पडणे या सगळ्या गंभीर दुखापती आहेत. तेव्हा इंज्युरी सर्टिफिकेटवर ‘साधी’ लिहिले असेल आणि एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर असेल तर लगेच दाखवून द्या.

पैसे संपले म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून पेशंट घरी नेणे आणि पुढे हाडवैद्याकडे बांधून घेणे, हे मी खूप पाहिले. हाडवैद्याकडे कागद नसतो. खासगीत परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात रीतसर हलवण्याची चिठ्ठी मागा, म्हणजे उपचाराची साखळी तुटत नाही. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे. तिच्यात नेमून दिलेल्या रुग्णालयांत रस्ते अपघातातील जखमीला अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोकड न भरता उपचार मिळतात. दाखल करतानाच तिची चौकशी करा.

डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेच्या फिल्म, औषधांची बिले, रिक्षा-अॅम्ब्युलन्सच्या पावत्या एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी घरातल्या एकाच माणसाच्या ताब्यात द्या.

याच दिवसांत कुणीतरी स्टॅम्पपेपर घेऊन खाटेशी येतो. "वीस हजार घ्या, आपसात मिटवू, गरीब ड्रायव्हरच्या पोटावर कशाला पाय?" आपली माणसे भिडस्त, सही करतात. पण प्रत्येक वाहनाला तिसऱ्या व्यक्तीसाठीचा विमा कायद्यानेच सक्तीचा आहे, आणि तो चालू असेल तर भरपाई साधारणपणे विमा कंपनी भरते. ड्रायव्हरची दया येणे चांगलेच, पण त्या सहीने वाचतो तो कंपनीचा पैसा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली दावा करता येतो. जिथे अपघात झाला तिथे किंवा जिथे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही. म्हणजे पुण्यात कामाला गेलेल्या परभणीच्या माणसाला तारखांना पुण्याला खेटे घालायची गरज नाही. १ एप्रिल २०२२ पासून मुदत अपघातापासून सहा महिने आहे. हाड जुळल्यावर, अपंगत्वाचा दाखला मिळाल्यावर बघू, असे म्हणत थांबू नका. आधी दावा दाखल करा, दाखला मागाहून जोडता येतो. कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. मात्र ती रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. दुखापत मोठी असेल तर घाई नको. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर गंभीर दुखापतीला पन्नास हजार, मृत्यूला दोन लाख मिळतात. त्याचा अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा.

सर्वात जास्त नुकसान होते ते टक्क्यांच्या घोळात. दाखल्यावर ‘उजवा पाय ४० टक्के’ लिहिलेले असते. ते पायाचे झाले, पूर्ण शरीराचे कमी भरतात. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या माणसाचे काम किती गेले. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक सांगितला आहे. डावा हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई मात्र जवळजवळ पूर्ण बुडते. हिशोब समजावा म्हणून धरा, सेंटरिंगचे काम करणारा ३६ वर्षांचा माणूस, महिना १५,००० कमाई. वर्षाचे १,८०,०००. या वयाला गुणक १५. शरीराचे २० टक्केच धरले तर ५,४०,००० होतात. गुडघा वाकत नाही, परांचीवर चढता येत नाही, म्हणून कमाईचे नुकसान ६० टक्के मानले गेले तर १६,२०,०००. वाढत्या कमाईची भर आणि उपचाराचा खर्च वेगळाच. म्हणून ओपीडीत "दुखतं" एवढेच सांगू नका. "उकिडवे बसता येत नाही, शिडी चढता येत नाही, वीस किलोची घमेली उचलत नाही" असे सांगा आणि लिहून घ्या. नुसता दाखला पुरत नाही, शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते.

"आमच्याकडे पगाराची पावती कुठे?" असे म्हणून बरेच जण मागे फिरतात. पावती नसली तरी न्यायालय किमान वेतन आणि कामाचे स्वरूप पाहून उत्पन्न ठरवते. मुकादमाची साक्ष, बांधकाम कामगार नोंदणी कार्ड, बँकेचे पासबुक उपयोगी पडते. घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमालाही मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार मान्य केले आहे. "ती काय, घरीच असते" हे वाक्य दाव्यात येऊ देऊ नका.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी खास. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, विजयादशमीला दीक्षाभूमीला आपण टेम्पो-पिकअपमध्ये दाटीवाटीने जातो. मालवाहू गाडीत प्रवासी म्हणून बसलेल्याची जबाबदारी त्या गाडीच्या विमा कंपनीवर नसते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. दावा गाडीमालकावर राहतो आणि त्याच्याकडे पैसा नसेल तर निकाल हातात राहतो. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर त्याच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येते. मंडळांनी वर्गणी थोडी वाढवावी, पण एसटी किंवा प्रवासी परवान्याची बस ठरवावी.

वकिलाचा प्रश्न उरतो. इस्पितळाच्या दारात "अमुक टक्के द्या, बाकी आम्ही बघतो" म्हणणारे दलाल भेटतात. निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांतच बसत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि अपंगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. धर्मांतरित बौद्धांनाही १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे जातीचा दाखला सोबत न्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच असते, फोन १५१००. जाताना एफआयआरची प्रत, घटनास्थळ पंचनामा आणि ती कागदांची पिशवी न्या. मूळ कागद कुणाच्याही हाती देण्याआधी सगळ्यांच्या झेरॉक्स काढून घ्या.