संगणकाचे अतितापन

संगणकाचे अतितापन म्हणजे प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड किंवा अन्य घटकांत निर्माण झालेली उष्णता पुरेशा वेगाने बाहेर न पडल्यामुळे त्यांचे तापमान सुरक्षित मर्यादेपलीकडे जाणे होय. संगणक मंदावणे, अचानक बंद पडणे किंवा पडदा गोठून कळफलक व माउस निष्क्रिय होणे ही त्याची परिचित लक्षणे आहेत. मात्र गोठणारा प्रत्येक संगणक तापलेलाच असतो असे नाही. म्हणून सुटे भाग बदलण्यापूर्वी तापमान मोजणे आवश्यक ठरते.

कारणे

प्रोसेसरने वापरलेली जवळजवळ सर्व विद्युतऊर्जा अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी उत्पादकांनी दिलेला औष्णिक आकडा ६५ वॅट असतो. जुन्या पिवळ्या दिव्याइतकीच ही उष्णता असली, तरी ती एक-दोन चौरस सेंटिमीटरांच्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर काढावी लागते. तेथून ती थर्मल पेस्टच्या पातळ थरातून धातूच्या हीटसिंकमध्ये जाते आणि पंख्याचा झोत तिला हवेत सोडतो. या साखळीतील एक दुवा कमकुवत झाला की पुढचे सारे निष्प्रभ ठरते.

सर्वांत सामान्य दोष धुळीचा असतो. पंखा व हीटसिंकच्या पात्या यांच्यामध्ये धूळ नमद्यासारखी दाटून बसते. बाहेरून पंखा फिरताना दिसतो, आवाजही येतो, पण हवा पात्यांमधून जातच नाही. हा थर पंखा उतरवल्याशिवाय दिसत नसल्याने तो वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो. कालांतराने थर्मल पेस्ट कोरडी पडते. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांबरोबर येणारा हीटसिंक चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी बसवलेला असतो. त्यांतील एक जरी निसटली तरी हीटसिंक किंचित कलतो आणि तापमान झपाट्याने वाढते.

खोलीतील तापमानाचा परिणाम थेट असतो, कारण पंख्याने थंड होणारा हीटसिंक भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. २५ अंश सेल्सियसच्या खोलीत ७० अंशांवर चालणारा प्रोसेसर, पंख्याची गती तीच असेल तर, ४० अंशांच्या खोलीत सुमारे ८५ अंशांवर पोहोचतो. हिवाळ्यात निर्दोष वाटणारा संगणक विदर्भातील मे महिन्यात गोठू लागतो, तो यामुळेच. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेल्या संगणकाची स्थिती याहून वाईट असते, कारण तो आपणच सोडलेली गरम हवा पुन्हा आत ओढतो.

अंगभूत संरक्षण

टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने २००१ साली केलेल्या एका चाचणीत चालू संगणकांवरील हीटसिंक काढून टाकला असता इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला; एएमडीचा तत्कालीन ॲथलॉन मात्र काही क्षणांत धूर सोडत जळाला. आजचे प्रोसेसर स्वतःचे तापमान मोजतात, मर्यादेजवळ (बहुधा ९० ते १०० अंश) गती कमी करतात आणि तरीही तापमान वाढल्यास संगणक बंद करतात. त्यामुळे प्रोसेसर तापल्याचे लक्षण आता बहुधा संथपणा किंवा अकस्मात बंद पडणे हे असते. नुसते गोठणे हे ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्डवरील विद्युतपुरवठ्याचे घटक, सदोष रॅम, बिघडत चाललेली हार्ड डिस्क किंवा चालकप्रणाली यांच्याकडेही बोट दाखवते.

निदान

विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प आणि लिनक्सवर एलएम-सेन्सर्स यांद्वारे तापमान पाहता येते. संगणक रिकामा असताना आणि जड काम करत असताना अशा दोन्ही वेळच्या नोंदी घ्याव्यात. ६० अंशांवरच तो गोठत असेल तर प्रोसेसरची उष्णता हे कारण संभवत नाही. अशा वेळी मेमटेस्ट८६ ने रॅम तपासणे अधिक उपयुक्त. आवरण उघडून टेबलफॅन समोर लावणे हा घरोघरी होणारा प्रयोग चाचणी म्हणून उत्तम आहे, कारण त्याने गोठणे थांबले तर दोष उष्णतेचाच असण्याची शक्यता मोठी. उपाय म्हणून मात्र तो निरुपयोगी, कारण त्याने धूळ अधिकच साचते.

उपाय

स्वच्छतेपूर्वी वीजजोडणी काढावी व अंगावरील स्थिर वीज घालवण्यासाठी संगणकाच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करावा. झोताने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. ती मोकळी राहिल्यास अतिवेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. पॉवर सप्लायचा डबा उघडू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यानंतरही ३०० व्होल्टच्या आसपास विद्युतदाब काही काळ टिकून राहू शकतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो.

हीटसिंक काढल्यास जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावणे अनिवार्य असते. सामान्य डेस्कटॉप प्रोसेसरला वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. पेस्टचे काम दोन पृष्ठभागांतील सूक्ष्म पोकळ्या भरण्याचे आहे. जाड थर उष्णतेला उलट अडवतो. एएमडीच्या पिना असलेल्या जुन्या प्रोसेसरांत हीटसिंक सरळ ओढल्यास चिकटलेला प्रोसेसरही उपसून येतो व पिना वाकतात. म्हणून संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग तो बंद करून वीजजोडणी काढावी आणि हीटसिंक हलका पिळत सोडवावा.